गिरगावात भाड्याचे घर घेताना

गोमंतकातून पोटापाण्यासाठी व शिक्षणासाठी मुंबईस जाण्याची परंपरा फार जुनी आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव, माझगाव इत्यादी भागांत आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ उभारले. गावचा माणूस आपली पेटी घेऊन तेथे उतरे आणि बोट मिळेपर्यंत राही. अन्य कुटुंबांतील तरुण गिरगाव, ठाकूरद्वार, मुगभाट येथील चाळींत नात्यातल्या वा ओळखीतल्या माणसाकडे बिऱ्हाड टाकीत. जागा लहान असे, गैरसोय पुष्कळ असे. परंतु घर देणारा व घेणारा हे दोघेही एकमेकांस ओळखत असत. व्यवहार कागदावर नसला तरी गावच्या भिडेचा त्यास आधार होता.

आज ही स्थिती उरलेली नाही. नोकरीचे पत्र हाती पडताच मुलगा किंवा मुलगी भ्रमणध्वनीवर जाहिराती पाहते, दलालास गाठते आणि आठ-पंधरा दिवसांत अनोळखी मालकाशी लाखभर रुपयांचा व्यवहार करून मोकळी होते. ‘संपूर्ण नूतनीकरण केलेले, एक शयनगृह, स्वयंपाकघर, बाजार हाकेच्या अंतरावर’ असा मजकूर वाचून मन भुलते. घरी बसलेल्या आईवडिलांस यातील काही ठाऊक नसते. पैसे मात्र बहुधा त्यांच्याच साठवणीतून जातात. यास्तव असे घर घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात व करार कसा करावा, हे गिरगावचे उदाहरण घेऊन सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. तपशील मुंबईचा असला तरी त्यातील बरेचसे तत्त्व कोणत्याही शहरास लागू पडेल.

खोली नवी, इमारत जुनी

गिरगावातील पुष्कळशा इमारती स्वातंत्र्यपूर्व काळातील आहेत. लाकडी खांब व तुळया, चुन्यातील भिंती, समोर सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकास सामाईक संडास अशी त्यांची मूळ रचना. त्या जीर्ण का झाल्या, हे समजण्यास भाडेनियंत्रणाचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० या दिवशीच्या भाड्याशी बांधून टाकले. महागाई वाढत गेली, भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिले. भाडेकरूस संरक्षण मिळाले हे खरे. परंतु मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्ती भागेना, म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरविली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा शासनाने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले आणि त्याच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर बसविला. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या, उपकर भरणाऱ्या अशा १९,६४२ इमारतींची तेव्हा नोंद झाली. त्यांनाच ‘उपकरप्राप्त इमारती’ म्हणतात. पुढे हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे म्हाडाकडे आले. पावसाळ्यापूर्वी म्हाडा उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींची यादी दरवर्षी जाहीर करते.

या इतिहासातून आजची परिस्थिती उद्भवली आहे. इमारतीचे बाह्यांग व जिना यांकडे लक्ष देण्यास कोणी उत्सुक नसतो. परंतु आतील खोली ज्याच्या ताब्यात आहे तो आपल्यापुरते नूतनीकरण करून ती चढ्या भाड्याने देऊ शकतो. परिणामी जिन्याची पायरी झिजलेली, तुळईस वाळवी लागलेली, आणि दार उघडताच आत चकचकीत फरशी, छताला प्लास्टरचे नक्षीकाम, असा विरोधाभास पाहावयास मिळतो. घर घेणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे की, नूतनीकरण खोलीचे झाले आहे, इमारतीचे नव्हे. माणूस राहतो तो मात्र इमारतीत.

म्हणून खोली पाहण्यापूर्वी इमारतीचे नाव म्हाडाच्या अतिधोकादायक यादीत नाही ना, याची खात्री करावी. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतींचे वर्ग पाडले जातात. त्यांतील ‘सी-१’ हा वर्ग म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत. अशा इमारतीत कितीही सुंदर खोली मिळाली तरी घेऊ नये. तपासणीचा अहवाल मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

घर देणारा कोण आहे?

मुंबईच्या जुन्या भागात घर देणारा हा घराचा मालकच असेल असे नाही. तो स्वतःच ‘पागडी’चा भाडेकरू असण्याचा संभव असतो. एकरकमी पागडी देऊन नाममात्र भाड्यावर जागा घेण्याची ही पद्धत १९४७ च्या कायद्यास मान्य नव्हती. तरीही ती सर्रास चालत असे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तीस मान्यता दिली. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. परंतु पागडी देणारा मालक होत नाही, तो भाडेकरूच राहतो. त्याच कायद्यानुसार, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला ती जागा दुसऱ्यास पोटभाड्याने किंवा परवानगीने वापरावयास देता येत नाही. तशी ती दिल्यास मूळ मालकास भाडेकरूविरुद्ध ताबा मागण्याचे कारण मिळते. मग मूळ भाडेकरूबरोबर आत राहणाऱ्यासही बाहेर पडावे लागते, आणि अनामत रक्कम परत मिळविण्यासाठी त्याच भाडेकरूच्या मागे फिरण्याची पाळी येते.

ही अडचण टाळण्याचा मार्ग सोपा आहे. घर देणाऱ्याकडे कागद मागावा आणि तो कोणता कागद दाखवितो ते पाहावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असेल तर भागपत्र, खरेदीखताची सूची क्रमांक दोन, मालमत्ता कराची पावती व वीजबिल त्याच्या नावे असले पाहिजे. याऐवजी त्याने दरमहाची ‘भाडेपावती’ पुढे केली, तर तो स्वतः भाडेकरू आहे हे उघड होय. अशा वेळी इमारतीच्या मालकाची लेखी संमती असल्यावाचून व्यवहार करू नये. तोंडी ‘मालकाला सगळे ठाऊक आहे’ या आश्वासनास काही किंमत नाही.

आणखी एक गोष्ट. उपकरप्राप्त इमारत पाडावी लागली तर संक्रमण शिबिरातील पर्यायी जागा व पुढील पुनर्वसन यांचा हक्क नोंदीवरील मूळ भाडेकरूचा असतो. त्याने ठेवलेल्या माणसाचा नव्हे.

कागद पाहण्यापूर्वी एक पैसाही देऊ नये. ‘घर दाखविण्यापूर्वी टोकन पाठवा’, ‘मी सैन्यात आहे, बदलीमुळे येऊ शकत नाही, आगाऊ रक्कम भरा, किल्ली घरपोच येईल’ अशा बतावणीने अनेकांची फसवणूक झालेली आहे. घर प्रत्यक्ष उघडून पाहिले, देणाऱ्याचे ओळखपत्र व मालकीचा कागद यांतील नाव जुळले, तरच पुढचे बोलणे करावे. पैसेही त्याच नावाच्या बँकखात्यात जमा करावेत, दलालाच्या खात्यात नव्हे.

नूतनीकरणाची पारख

रंग ओला असताना घर सर्वांत चांगले दिसते आणि सर्वांत कमी सांगते. तेव्हा रंगाखाली काय आहे ते पाहावयास शिकले पाहिजे.

प्रथम रचना पाहावी. मूळच्या ‘एक खोली व स्वयंपाकघर’ अशा जागेत स्वयंपाकाचा ओटा गॅलरीत सरकवून, जुन्या स्वयंपाकघरास शयनगृह बनविण्याची रीत मुंबईत सर्वत्र आहे. यासाठी मधली भिंत काढली आहे काय, हे विचारावे. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे ही किरकोळ दुरुस्ती होय. परंतु भार वाहणारी भिंत काढणे किंवा खांबास धक्का लावणे ही गंभीर बाब असून त्यास महानगरपालिकेची परवानगी लागते. शेजारच्या किंवा खालच्या मजल्यावरील खोलीत त्याच जागी भिंत असेल आणि आपल्या खोलीत नसेल, तर शंका घेण्यास जागा आहे.

जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसविली असेल तर उंबरठा व फरशी यांच्या पातळीवरून ते ध्यानात येते. यात बिघडते काय? मसाला व फरशी मिळून ५ सेंटीमीटर जाडीचा थर धरला तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन वाढते. २० चौरस मीटरच्या घरात हा नवा भार दोन टनांचा झाला. लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या शंभरीच्या इमारतीस तो उगाच सोसावा लागतो. एकाने केले तर कदाचित निभावते. चारही मजल्यांवर तेच झाले तर आठ टन होतात.

दुसरे, ओल. पूर्वी संडास व मोऱ्या मजल्याच्या टोकास असत. आता त्या खोलीच्या आत आल्या आहेत. नळ व निचऱ्याचे सांधे नीट नसतील तर पाणी लाकडात व भिंतीत मुरते. म्हणून नहाणीघराच्या पाठीमागची भिंत हाताने चाचपावी. ती थंड व दमट लागली, रंगाचे पोपडे सुटले असले किंवा एका कोपऱ्यातच ताजा रंग दिसला, तर कारण विचारावे. छताला खोटे छत बसविलेले असेल तर ते एखाद्या ठिकाणी उघडून वरचा स्लॅब किंवा तुळया दाखविण्यास सांगावे. शक्य झाल्यास खालच्या मजल्यावरील कुटुंबास भेटून ‘आमच्या मोरीचे पाणी तुमच्याकडे गळते काय?’ असे विचारावे. गळती असल्यास त्या भांडणाचा वारसा घराच्या किल्लीबरोबर आपल्याकडे येतो.

तिसरे, भेगा. गिलाव्यातील केसासारख्या बारीक भेगा फारशा चिंतेच्या नसतात. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, बोटाचे नख शिरेल एवढी रुंद भेग मात्र इमारतीच्या हालचालीचे चिन्ह असू शकते. नवे दार चौकटीत घासत असेल तर त्याचेही कारण तपासावे.

चौथे, वीज. बटणे व दिवे नवे असतात, भिंतीतील तारा जुन्याच राहतात. दोन किलोवॅटचा पाणी तापविण्याचा बंब सुमारे ९ अँपिअर वीजप्रवाह ओढतो. त्याच्या जोडीस वातानुकूलन यंत्र व इस्त्री चालू झाली की जुनी तार तापू लागते. म्हणून बंबासाठी व वातानुकूलन यंत्रासाठी स्वतंत्र तारा व स्वतंत्र खटके आहेत काय ते पाहावे. विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारे संरक्षक यंत्र पेटीत असते. त्यावरील चाचणीचे बटण दाबून खटका पडतो की नाही याची परीक्षा घ्यावी. शहराच्या या भागात वीज ‘बेस्ट’कडून मिळते. मागील बिल पाहून थकबाकी नाही याची खात्री करावी.

पाचवे, पाणी. महानगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते. इमारतीस खाली टाकी, पंप व गच्चीवर टाकी असेल तर दिवसभर पाणी मिळते. नसेल तर पहाटे उठून पिंपे भरावी लागतात. कामावर जाणाऱ्या एकट्या माणसास ही गोष्ट भाड्याइतकीच महत्त्वाची आहे. नळ सोडून पाण्याचा जोर पाहावा आणि पाणी किती वाजता येते हे दलालास न विचारता शेजाऱ्यास विचारावे.

शेवटी क्षेत्रफळ. जाहिरातीतील आकड्यात जिना, गॅलरी व भिंतीही धरलेल्या असू शकतात. मोजपट्टी बरोबर न्यावी आणि भिंतीच्या आतील लांबी-रुंदी मोजून गुणाकार करावा. भाडे याच आकड्याशी ताडून पाहावे.

गजबजलेली वस्ती

बाजारपेठेतील घराचे लाभ मोठे आहेत. गिरगावातून चर्नी रोड स्थानकावर पायी जाता येते. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाल्याने गिरगाव व काळबादेवी ही स्थानकेही जवळ आली. चिराबाजारात मासळी, भाजी, औषधे सर्व काही मिळते. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीस रहदारीचा रस्ता हा निर्जन उपनगरापेक्षा सुरक्षित वाटतो.

याची दुसरी बाजू म्हणजे गोंगाट, गर्दी व आगीचे भय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आहे. म्हणजे घर व्यापारी भागात मोडत असेल तर कायद्यानेच अधिक आवाज मान्य केलेला आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रारंभ ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये झाला, ती याच गिरगावात. उत्सवाचे दिवस येथे उत्साहाचे असतात, तसेच जागरणाचेही.

म्हणून घर एकदाच दुपारी पाहून ठरवू नये. सकाळी पाण्याच्या वेळी, संध्याकाळी बाजार भरल्यावर आणि रात्री दहानंतर असे तीन वेळा जाऊन यावे. तळमजल्यावर कसले दुकान वा गोदाम आहे, जिन्यात खोकी रचलेली आहेत काय, जिना लाकडी व एकच आहे काय, हे पाहावे. एकच लाकडी जिना आणि त्याच्या तोंडाशी कापडाचे वा रसायनाचे गोदाम, अशा जागेचे भाडे कितीही कमी असले तरी ती स्वस्त नव्हे.

कराराचे स्वरूप

मुंबईत आज बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ या कराराने दिली जातात. भाडेकरार व हा करार यांत फरक आहे. भाडेकरूस जागेत काही हक्क निर्माण होतो. येथे मात्र ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते, हक्क मिळत नाही. या पद्धतीसही इतिहास आहे. अशा परवानगीने राहणाऱ्यांपैकी जे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत होते त्यांना कायदा बदलून संरक्षित भाडेकरू ठरविण्यात आले. त्यामुळे मालक धास्तावले व कित्येक घरे वर्षानुवर्षे कुलपात राहिली. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ ने मुदत संपताच मालकास ताबा मिळण्याची तरतूद केल्यावर ती भीती कमी झाली आणि घरे मोकळी झाली.

या कलमाचे दोन परिणाम राहणाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला असा की, मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. दरमहा ३५,००० रुपये असतील तर ते ७०,००० होतात. प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती न मागितल्यास मालकाचे म्हणणे मान्य झाल्याचे धरले जाते. म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधीच नवा करार करावयाचा की घर सोडावयाचे, याचा निर्णय करावा.

दुसरा परिणाम असा की, या कार्यवाहीत लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो. ‘गिझर बदलून देईन’, ‘रंगाचे पैसे कापणार नाही’, ‘दोन वर्षे भाडे वाढविणार नाही’ ही बोलणी कागदावर नसतील तर ती झालीच नाहीत असे समजावे.

आता नोंदणीसंबंधी. आपल्याकडे एक समज रूढ आहे की, ११ महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक ठरविली असल्याने हा समज निर्माण झाला. महाराष्ट्रात मात्र तो चालत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झालीच पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि वाद उत्पन्न झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, कराराच्या अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा ‘नोंदणीचा खर्च कशाला?’ असे मालकाने म्हटले तरी राहणाऱ्याने नोंदणीचाच आग्रह धरावा. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने ही सोय संगणकाद्वारे घरबसल्या उपलब्ध केली आहे. त्यासाठी आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा लागतो.

२०२१ मध्ये केंद्र शासनाने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा संमत केला. त्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, मालकाने घरात येण्यापूर्वी २४ तासांची सूचना द्यावी, अशा तरतुदी आहेत. परंतु हा केवळ नमुना आहे. राज्याने आपल्या विधिमंडळात स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही. त्यातील चांगल्या अटी आपल्या करारात लिहून घेण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाही. दुरुस्तीची विभागणी त्याच नमुन्यावरून करता येते: इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींची रंगरंगोटी, नळाच्या मुख्य वाहिन्या व विजेच्या तारा मालकाकडे, नळाच्या तोट्या, बटणे, कुलपे, फुटलेल्या काचा व निचऱ्याची सफाई राहणाऱ्याकडे.

करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात: मुदत, दरमहा शुल्क व दुसऱ्या वर्षीची वाढ, अनामत रक्कम व ती परत देण्याचा दिवस, मुदतीपूर्वी घर सोडावयाचे झाल्यास किती महिन्यांची सूचना, संस्थेचा देखभाल खर्च कोणी भरावयाचा, आणि घरातील वस्तूंची यादी. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल गृहनिर्माण संस्था जे बिनभोगवटा शुल्क आकारते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि ते सभासद असलेल्या मालकाने भरावयाचे असते. तो बोजा राहणाऱ्यावर टाकला जात नाही ना, हे पाहावे. मुंबई पोलिसांच्या वेळोवेळी निघणाऱ्या आदेशांनुसार नव्या रहिवाशाची माहिती पोलीस ठाण्यास कळवावयाची असते. त्याची पोच मालकाकडून मागून घ्यावी.

पैशाचा हिशेब

घराचे भाडे परवडते काय, एवढाच विचार करून भागत नाही. किल्ली हाती येण्यापूर्वी किती रोकड लागते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे. उदाहरणादाखल दरमहा ३५,००० रुपये, अनामत १,५०,००० रुपये व मुदत २४ महिने असा करार घेऊ.

मुद्रांक शुल्क काढताना संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज करतात. २४ महिन्यांचे भाडे ८,४०,००० रुपये. अनामतीवर दोन वर्षांचे व्याज ३०,००० रुपये. एकूण ८,७०,००० रुपये. त्यावर ०.२५ टक्के दराने शुल्क झाले २,१७५ रुपये. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे ३५,००० रुपये. आणि पहिल्या महिन्याचे भाडे ३५,००० रुपये. अनामत धरून एकूण २,२३,१७५ रुपये होतात. यात भांडीकुंडी, गॅसजोडणी वा सामानाची वाहतूक धरलेली नाही. हा आकडा पाहिला की, एवढ्या रकमेपुढे ३,१७५ रुपयांचा मुद्रांक व नोंदणीचा खर्च वाचविण्यात शहाणपण नाही, हे सहज पटेल.

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाचाही एक प्रकार चालतो. भाडे न देता, अथवा नाममात्र देऊन, पुष्कळ लाखांची अनामत मालकाकडे ठेवावयाची. गावाकडची जमीन विकून आलेला पैसा असा गुंतविण्याचा मोह होतो. परंतु मालकाने तेच घर बँकेकडे तारण ठेवले असेल व कर्ज थकविले असेल, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. मग घरही जाते आणि अनामत परत मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. सामान्य कुटुंबाने या वाटेस न जाणे श्रेयस्कर.

राहताना व घर सोडताना

ताबा घेतेवेळी प्रत्येक भिंत, फरशी, नळ व उपकरण यांची छायाचित्रे तारखेसह काढून मालकास पाठवावीत आणि वीजमीटरचा आकडा लिहून ठेवावा. भाडे बँकेमार्फत द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी. मोठी दुरुस्ती निघाल्यास मालकास लेखी कळवावे. विशेषतः पावसाळ्यात तुळईतून करकर ऐकू येणे, छताचे तुकडे पडणे, दार अकस्मात अडकू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास मालकाची वाट न पाहता घराबाहेर पडावे व महानगरपालिकेस किंवा म्हाडास कळवावे. घरभाडे बुडाले तर पुन्हा मिळविता येते.

घर सोडताना मालकासमक्ष पुन्हा पाहणी करावी, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावे, वीजबिल चुकते करावे आणि किल्ली देणे व अनामत घेणे या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत कराव्यात. वापराने होणारी साधी झीज हे नुकसान नव्हे, हे वाक्य करारात असल्यास रंगाच्या नावाखाली होणारी कपात टळते.

गावातून करता येण्याजोगे

हे सर्व एकट्या तरुणावर सोपवून चालणार नाही. माध्यमिक शाळा व महाविद्यालयांतील शिक्षकांनी शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांस नागरिकशास्त्राच्या तासाला एक भाडेकरार वाचून दाखवावा. मुद्रांक शुल्काचे वरील गणित अंकगणिताच्या तासालाही सोडविता येईल. ग्रामपंचायतीच्या सचिवांनी व तलाठ्यांनी, मुंबईस जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी विचारणा केल्यास, सही करण्यापूर्वी कराराचा मसुदा गावी मागवून घेण्याचा सल्ला द्यावा. करार मराठीतही करता येतो. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.

पूर्वी गावचा कूड आणि ओळखीचे बिऱ्हाड हीच नवख्याची ढाल होती. आज ती जागा मालकीच्या कागदाने, इमारतीच्या तपासणीने व नोंदणीकृत कराराने घ्यावयाची आहे. ज्या पालकांची मुले येत्या हंगामात मुंबईस जाणार आहेत, त्यांनी घर पसंत पडल्याचा निरोप येताच पैसे पाठविण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: घर देणारा मालक आहे की भाडेकरू? इमारत तपासलेली आहे काय? करार नोंदविला जाणार आहे काय? अनामत कोणत्या दिवशी परत मिळणार? चारांचेही उत्तर कागदावर मिळाले, तरच पैसे पाठवावेत.